उमेदवारी आणि सेवा

'उमेदवार' हा शब्द उच्चारला की आज निवडणुकीस उभा राहिलेला गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. एके काळी तसे नव्हते. कचेरीत, पेढीवर किंवा वकिलाच्या घरी पगाराशिवाय राबणारा, कागदांच्या नकला उतरणारा आणि पुढे-मागे जागा रिकामी झाली तर ती आपणास मिळेल या आशेवर दिवस काढणारा जो तरुण, तो उमेदवार. शब्द फारसीतून आला, आणि 'उमेद' म्हणजे आशा ही त्याच्या पोटातच आहे. या तरुणास कोणी स्वयंसेवक म्हटले नाही, व त्यानेही आपल्या राबण्यास सेवेचे नाव दिले नाही. तो कशासाठी राबतो हे त्याला ठाऊक होते आणि मालकासही ठाऊक होते.

हा जुना शब्द आठवण्याचे कारण असे की, औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणास जाण्यापूर्वी विद्यार्थ्याने रुग्णालयात किंवा औषधालयात काही काळ विनावेतन काम करावे काय, हा प्रश्न सुशिक्षित घरांतून विचारला जातो. अमेरिकेतील पुष्कळ फार्मसी महाविद्यालये प्रवेशाच्या अर्जात अशा कामाची नोंद पाहतात व तिला वजन देतात. ज्यांची मुले तिकडे आहेत त्या कुटुंबांत तासांचा हिशेब ठेवला जातो. आपल्याकडे तसे नाही. महाराष्ट्रात पदविकेस मुख्यत्वे बारावीचे गुण पाहतात आणि पदवीस प्रवेश परीक्षेचे. अर्जदाराने आजारी माणसाजवळ कधी तासभर तरी काढला आहे काय, हे कोणी विचारीत नाही. पदविकेचा अभ्यास पुरा झाल्यावर मात्र किमान ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण सांगितलेले आहे. १९९१ च्या विनियमांनी तर त्यांतील निदान २५० तास चिठ्ठीप्रमाणे प्रत्यक्ष औषध देण्यात जावेत असे ठरविले होते. म्हणजे आपल्याकडे आधी पात्रता आणि मग रुग्ण. तिकडे आधी रुग्ण आणि मग पात्रता.

यांतील दुसरा क्रम आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो. पण त्यावर एक आक्षेप आहे, आणि तो सहज उडवून देण्यासारखा नाही. ज्या सेवेचे तास मोजून पुढे अर्जात मांडावयाचे, ती सेवा कसली? 'निष्काम' हा शब्द आपल्या घरांत इतका रुळलेला आहे की, फळाकडे डोळा ठेवून केलेले परोपकाराचे काम आपणास किंचित ओशाळे करते. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ त मांडलेले तत्त्व हाच आक्षेप रुग्णाच्या बाजूने उभा करते: मनुष्याला केवळ साधन म्हणून वागवू नये. मग ज्या म्हातारीला आपण औषधाची बाटली वाचून दाखविली, ती आपल्या अर्जातील एका ओळीचे साधन झाली नाही काय?

कांटच्या वाक्यातील 'केवळ' या शब्दावर सारा भार आहे. शिंपी, शिक्षक, वैद्य हे सारे आपली साधनेच होत. त्याने त्यांचा अपमान होत नाही. अपमान होतो तो त्यांच्या सोयीचा विचार सुटतो तेव्हा. तुळजापूर तालुक्यातील अणदूर या गावाला हे निराळे शिकवावे लागणार नाही. तेथील खंडोबा वर्षातील काही काळ नळदुर्गास जातो आणि पुन्हा अणदुरास परततो. या येण्याजाण्यात मानकऱ्यांचे मान असतात, पुजाऱ्यांचे हक्क असतात. हक्क असल्यामुळे पूजा खोटी झाली असे भाविकांस वाटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वेळेवर दिवा लागला नाही तर मात्र ते बोलल्याशिवाय राहणार नाहीत.

अणदूरचे नाव येथे घेण्यास याहून जवळचे कारण आहे. डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या 'हॅलो मेडिकल फाउंडेशन' या संस्थेने या गावातून आरोग्याचे काम उभे केले. 'हॅलो' या नावात आरोग्य आणि आपले आपण शिकणे असे दोन्ही अर्थ गोवलेले आहेत, आणि त्याचा उगम वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या खटपटीत आहे. पुस्तकात नसलेला रुग्ण पाहावा म्हणून ती मुले खेड्यात गेली. त्यांना शिकावयाचे होते. हेतू निव्वळ परोपकाराचा होता असे त्या नावातच कोणी म्हटलेले नाही. पुढे संस्थेने खेड्यातील स्त्रियांना साध्या दुखण्यांवरील मोजकी औषधे, त्यांची मात्रा आणि रुग्णास पुढे केव्हा धाडावयाचे हे शिकवून 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. त्यांतल्या कित्येकींचे शालेय शिक्षण थोडेच होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हा सारा मुलूख उद्ध्वस्त झाला, तेव्हा घरात कोण म्हातारे आहे, कोण बाळंतीण आहे हे जाणणाऱ्या शेजारणीची किंमत बाहेरून आलेल्या मदतकऱ्यांच्या ध्यानात आली असेलच.

पदवी नसलेल्या हातांनी काय होऊ शकते, याचे एक मोठे उदाहरण १९७१ सालचे आहे. बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यावयाचे द्रव संपत आले. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात कालवून ते रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या घरात होते, ते ४ च्या खाली आले. त्या नातेवाइकांना कोणी प्रमाणपत्र दिले नाही. मात्र मिश्रण डॉक्टरांनी ठरविले होते, मोजून पिशव्यांत भरले होते, आणि पाणी किती हे सांगितलेले होते. त्यांच्या मोकळेपणामागे कोणाची तरी जबाबदारी उभी होती.

यावरून विद्यार्थ्याच्या उमेदवारीची सीमा ठरते. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधविक्रेत्यानेच द्यावयाचे आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने गल्ल्यामागे उभे राहून गोळ्या काढून देणे हे शिकणे नव्हे, तो गुन्हा आहे. दुकानावर फलक एकाच्या नावाचा आणि औषध देणारा दुसराच, हा प्रकार आपण पुष्कळ पाहिला आहे. त्यात आणखी एका उत्साही मुलाची भर नको. परंतु मुदत संपलेली औषधे वेगळी काढणे, साठ्याची नोंदवही लिहिणे, लसीच्या शीतपेटीचे तापमान २ ते ८ अंशांत आहे की नाही ते पाहणे ही कामे त्याच्या हातची आहेत. त्याहून मोलाचे काम ऐकण्याचे. औषधविक्रेत्याने सांगितलेले आईला कितपत कळले? मुलाच्या कोरड्या औषधाच्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घालावयाचे आहे हे तिच्या ध्यानात आले काय? क्षारसंजीवनीची पुडी एका लिटरची असता तिने ती तांब्याभर पाण्यात तर कालविली नाही? पाणी कमी पडले तर तेच औषध बाळाच्या रक्तातील क्षार वाढवून अपाय करते. घरातले चमचे एका मापाचे नसतात, हे पाठ्यपुस्तकात एका वाक्यात येते. चुलीपाशी बसल्यावर ते समजते.

एका गोष्टीविषयी मात्र आम्हांस राग येतो. विनावेतन काम अर्जात शोभते आणि पगार घेऊन केलेले शोभत नाही, अशी एक समजूत या साऱ्यामागे दबा धरून बसली आहे. ज्याचे वडील घर चालवितात त्या मुलाला दोन महिने फुकट राबणे परवडते. ज्याला उन्हाळ्यात शेतावर किंवा मामाच्या औषधाच्या दुकानात झाडलोट करून, खोकी उतरवून वहीपुस्तकांचे पैसे काढावे लागतात, त्याच्या नावे सेवेचा एकही तास जमा होत नाही. दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तक्रारी त्याने कदाचित अधिकच ऐकलेल्या असतात. महाविद्यालयांनी कधी काळी अशी अट घातलीच, तर मजुरीचे तासही त्यात धरले पाहिजेत. नाहीतर जी परीक्षा सहानुभूतीची म्हणून मांडली, ती बापाच्या मिळकतीची होऊन बसेल.

आणि प्रमाणपत्राचे? पदविकेनंतरचे ५०० तास पुष्कळ ठिकाणी कागदावरच पुरे होतात, असे आपण ऐकतो. तेव्हा प्रवेशापूर्वीचे तासही तसेच विकत मिळतील हा धोका खराच आहे. आमच्या मते या उमेदवारीस अर्जात गुण देऊच नयेत. मुलाखतीत एवढेच विचारावे की, कोणा एका रुग्णाने औषध का सोडले ते सांग. ज्याने काम केले त्याला उत्तर देता येईल, आणि ज्याने शिक्का आणला तो गडबडेल.

अणदूरच्या एखाद्या मुलीने हे करावयाचे मनात आणले तर तिला वेळ आहे. बारावीची परीक्षा मार्चमध्ये आटोपते, प्रवेशाच्या याद्या लागेपर्यंत निदान तीन-चार महिने जातात, आणि ते दिवस तेथे उन्हाच्या तडाख्याचे आणि मृगाच्या गढूळ पाण्याचे असतात. क्षारसंजीवनीच्या पुड्या सर्वांत जास्त तेव्हाच लागतात.