पडद्यावरची वीज

चूक करून पाहण्याची मुभा मिळाली, तर माणूस शहाणा होतो की बेफिकीर? वीजवितरणाच्या जाळ्यातील स्विचिंग पडद्यावर करून दाखविणाऱ्या संगणक-प्रणाली पाहिल्या, की हा जुना प्रश्न नव्याने समोर येतो. कोणता स्विच उघडला असता कोणती वस्ती अंधारात जाईल, हे तेथे आधीच कळते. ११ के.व्ही. फीडरवर प्रथम ब्रेकर उघडायचा, मग आयसोलेटर. लाइनवर भार असताना आयसोलेटर ओढला, तर ज्वाळा उठून माणूस भाजतो. पडद्यावर मात्र नुसती सूचना येते आणि डाव पुन्हा मांडता येतो. शिकाऊ माणसाला एवढी क्षमा हवीच. दुसऱ्याच्या जिवावर कोणी का शिकावे?

परंतु चित्राला जेवढे सांगितले, तेवढेच ते जाणते. एखाद्या दुकानातील जनरेटर चुकीच्या जोडणीमुळे उलट तारेत वीज सोडीत असेल, तर पडद्यावर ती तार मृतच दिसते. म्हणून ‘लाइन क्लिअर’ मिळाल्यावरही जाणता वायरमन तार तपासतो आणि काम संपेतो तिला अर्थिंग करून ठेवतो. आपल्या ज्ञानाला मर्यादा आहे, हे ओळखण्याचा विनय त्यात आहे.

पडद्यापुढे बसणाऱ्याला रेघा दिसतात. खांबावर चढलेला माणूस दिसत नाही. त्याची आठवण ठेवून बटणाला हात लावणे, हे मात्र कोणतीही प्रणाली आपल्यासाठी करणार नाही.