शेजाऱ्यांना चालत नाही म्हणे!

दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच, आणि आतून उत्तर, "कालच गेली." या आठवड्यात पुन्हा तेच. आपल्या गोरेगावची पोरं शिकायला हिंगोलीला, नांदेडला जातात. फोनवर भाडं ठरतं, समोर गेल्यावर प्रश्न येतो, "पूर्ण नाव काय?" मला या प्रश्नाची चीड आहे. पूर्ण नाव भाडेकरारात लिहावंच लागतं. उंबरठ्यावर ते कशाला हवं?

"फक्त फॅमिलीलाच देतो" म्हणणारे एक वेळ सोडा. पण "आमचं काही नाही हो, शेजाऱ्यांना चालत नाही" हे मला सहनच होत नाही. घरपट्टी तुमच्या नावावर. भाडं वाढवताना शेजाऱ्याला विचारलं होतं? वर मजला चढवताना? मग आडनाव कळताच घराचा मालक शेजारी कसा होतो? उद्या तोही तुमच्याकडे बोट दाखवेल. दोघंही नामानिराळे, आणि पोरगं पिशवी घेऊन रस्त्यावर.

ही सबब जुनी आहे. १९१७ साली परदेशातून शिकून बडोदा संस्थानात नोकरीला आलेल्या डॉ. आंबेडकरांना पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. मित्राकडे आसरा मागितला, तर त्यानं नोकरांचं कारण पुढे केलं: तुम्ही आलात तर ते निघून जातील.

पोरांनो, नकार मिळाला की गप्प बसू नका. मेसेज जपून ठेवा, खोली बघायला सोबत कुणाला तरी न्या. अस्पृश्यतेच्या कारणावरून घर नाकारणं १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. गुन्हा अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडला असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालय कारण अस्पृश्यतेचंच धरतं. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांनी समाजकल्याण कार्यालयात स्वाधार योजनेची चौकशी करावी.

मुसलमान पोराला किंवा एकट्या बाईला खासगी घरमालकानं नाकारलं, तर मात्र इतका थेट कायदा हाताशी नाही. तिथं माणसाच्या लाजेवरच भिस्त, आणि ती सक्तीनं आणता येत नाही. निदान एवढं करा: ज्या शेजाऱ्याला चालत नाही, त्याला बोलावून पोरासमोर उभं करा. बहुतेक घरमालकांना असा शेजारी सापडणारच नाही.