उपसंहाराविना अस्त्र

पाच हजार किलोमीटरांहून अधिक पल्ल्याच्या ‘अग्नी-५’ची पहिली चाचणी १९ एप्रिल २०१२ रोजी झाली, ११ मार्च २०२४ रोजी एकाच क्षेपणास्त्रातून अनेक अस्त्रे निरनिराळ्या लक्ष्यांकडे धाडण्याचेही साधले. या सामर्थ्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तथापि त्याच्या अग्रावर अण्वस्त्र बसणार असल्याने एक प्रश्न उरतो. जे सोडणे घोर अन्याय ठरेल, ते सोडण्याची धमकी बाळगणे न्याय्य कसे?

समर्थक आत्मसंरक्षणाचा दाखला देतात. भारतीय न्याय संहितेचे ४४ वे कलम, म्हणजे जुन्या दंड संहितेचे १०६ वे, त्यांना अनुकूल भासते. प्राणघातक हल्ला करणाऱ्या जमावात मुले मिसळली असतील आणि गोळी झाडल्यावाचून जीव वाचणार नसेल, तर मुलांना इजा होऊनही गुन्हा घडत नाही. परंतु भय संपले की हा हक्कही संपतो, असे तोच कायदा सांगतो. ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर झालेल्या आपल्या धोरणानुसार अण्वस्त्र प्रथम वापरायचे नाही; आघात झाल्यावर प्रत्युत्तर मात्र प्रचंड द्यायचे. पुढचा आघात रोखण्यापुरते त्याला संरक्षण म्हणता येईल. नगरे जाळणे ही शिक्षाच होय.

शिक्षेला आरोपी लागतो. आमच्या नंदगडात २६ जानेवारी १८३१ रोजी संगोळ्ळी रायण्णांना फाशी दिले गेले. परकी सत्तेचा तो अन्यायच; पण त्या अन्यायालाही माणूस ओळखून दोर बांधावा लागला. क्षेपणास्त्राला कोणाचे नाव विचारावे लागत नाही.

महाभारतात अर्जुनाला ब्रह्मास्त्राचा उपसंहार येत होता, अश्वत्थाम्याला येत नव्हता; त्याचे अस्त्र उत्तरेच्या गर्भावर गेले. क्षेपणास्त्रापुढे आपण सारेच अश्वत्थामे आहोत. ९ मार्च २०२२ रोजी आपले एक क्षेपणास्त्र चुकून सुटले व पाकिस्तानात पडले. ते या जातीचे नव्हते, प्राणहानीही झाली नाही. पण परत बोलावणे कोणाच्याच हाती नव्हते.

म्हणून उपसंहार अस्त्र सुटण्यापूर्वीच करून ठेवला पाहिजे. प्रथम वापर न करण्याचे वचन आज केवळ धोरण आहे, कायदा नाही. धोरण मंत्रिमंडळ बंद दाराआड बदलू शकते. कायदा बदलण्यास संसदेत उभे राहून कारण सांगावे लागते. ज्यांच्या नावाने हे अस्त्र राखले आहे, त्या नागरिकांनी निदान एवढे मागावे.