बांध कोणाचा?



उधाणाच्या भरतीत खारबांधाला खांड पडली, की खारे पाणी आधी खांडीजवळच्या शेतात शिरते. पण बांध साऱ्या गावाचा असतो. तापत्या पृथ्वीचा समुद्रही चढतो आहे. १९९२ च्या रिओ परिषदेतील हवामान कराराने ही जबाबदारी सर्वांची मानली, पण सारखी नाही. श्रीमंत देशांनी पुढाकार घ्यावा असे ठरले. २०१५ च्या पॅरिस करारात प्रत्येक देश आपले उद्दिष्ट स्वतःच ठरवतो. ते चुकल्यास दंड नाही. २०२२ साली व्हॅटिकनही त्यात सामील झाले. त्याच वर्षी गरीब देशांच्या हानीसाठी निधी ठरला. त्यात पैसे देणे ऐच्छिकच.

मग ते दान की देणे? ज्याच्यामुळे खांड पडली, त्याने टाकलेली मातीची पाटी दान नव्हे. आणि सक्ती नाही म्हणून कर्तव्य संपत नाही. उलट तिथेच ते सुरू होते.