तेवीस ऑक्टोबरची सकाळ

अमेरिकेत ख्रिस्ताच्या दुसऱ्या आगमनाची वाट पाहणारी माणसे थोडीथोडकी नाहीत. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२२ सालच्या पाहणीत ३९ टक्के प्रौढ अमेरिकनांनी सांगितले की आपण जगाच्या शेवटच्या काळात जगत आहोत. हा आकडा वाचून आपल्याकडे गालात हसणारे बरेच निघतील. मुहूर्त पाहून नव्या दुकानाचे कुलूप उघडणाऱ्यांनी हसावे का, हा वेगळा मुद्दा. मला रस आहे तो मधल्या काळात. जो येणार तो नक्की येणार, पण कधी ते ठाऊक नाही, असे मानणारा माणूस तोवर करतो काय? त्या दिवसाची घटका कुणालाच माहीत नाही, असे येशूने बजावल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, आणि त्याच दमात जागे राहायलाही सांगितले आहे. ही आज्ञा पाळायला फार अवघड. तारीख मिळाली की माणूस तयारीला लागतो. ती नसली की एक तर झोपतो, नाहीतर स्वतःच तारीख काढायला बसतो.

तारीख काढण्याचा अमेरिकेतला सर्वांत गाजलेला प्रयत्न विल्यम मिलर या शेतकऱ्याच्या नावावर आहे. न्यूयॉर्क राज्यात व्हरमाँटच्या हद्दीजवळ लो हॅम्प्टन हे त्याचे गाव. मिलर भोंदू नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. तरुणपणी तो देव मानी, पण धर्मग्रंथ मानत नसे. १८१२ च्या युद्धात कॅप्टन होता, प्लॅट्सबर्गची लढाई त्याने पाहिली, आणि १८१६ मध्ये बॅप्टिस्ट श्रद्धेकडे वळला. मग बायबल आणि क्रूडनची शब्दसूची एवढ्या दोनच पुस्तकांवर त्याची बैठक बसली. दानीएलाच्या आठव्या अध्यायात तेवीसशे दिवसांचा उल्लेख आहे. भविष्यवाणीतला दिवस म्हणजे एक वर्ष, आणि मोजणीची सुरुवात यरुशलेमच्या पुनर्बांधणीच्या फर्मानापासून, म्हणजे ख्रिस्तपूर्व ४५७ पासून, असे त्याने धरले. २३०० वजा ४५७ बरोबर १८४३. शाळकरी पोराला जमेल अशी वजाबाकी, आणि तिच्यावर हजारो माणसांनी आयुष्य टांगले.

१८३१ पासून तो बोलू लागला. पुढे बोस्टनच्या जोशुआ हाइम्सने वर्तमानपत्रे काढून आणि प्रचंड तंबू उभारून त्याचे म्हणणे देशभर नेले. १८४२ मध्ये बोस्टनला या लोकांनी एक तक्ता छापून घेतला, तीनशे प्रती. त्यावर नबुखद्नेसराच्या स्वप्नातला पुतळा आहे, सिंह, अस्वल, चित्ता आहेत, आणि शेजारी आकड्यांची मांडणी, जी शेवटी १८४३ वर येऊन थांबते. एका बाजूला श्वापदे, दुसऱ्या बाजूला बेरीज-वजाबाकी! श्रद्धेला हिशेबाचा आधार मिळाला की ती किती निर्धास्त होते, हे या तक्त्यावरून कळते. वर्ष उलटले तेव्हा चूकही हिशेबातच सापडली. ख्रिस्तपूर्व एक आणि इसवी सन एक यांच्यामध्ये शून्य वर्ष नाही, म्हणजे उत्तर १८४४ हवे. मग ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एक्सेटरच्या मेळाव्यात सॅम्युएल स्नो याने यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसावरून नेमकी तारीख मांडली: २२ ऑक्टोबर. मिलर स्वतः दिवस सांगायला बरेच दिवस कचरत होता. ऑक्टोबर उजाडल्यावर तोही वाहवला.

त्या शेवटच्या आठवड्यांत लोक पांढरे झगे घालून टेकड्यांवर जाऊन बसले, ही दंतकथा अजून छापली जाते. फ्रान्सिस निकोल याने १९४४ मध्ये तिची कसून झडती घेतली आणि तिला आधार सापडत नाही असे दाखवले. झगे नव्हते, पण उभी पिके होती. काहींनी बटाटे जमिनीतून काढलेच नाहीत. प्रभू येणार असेल तर कोठार भरणे हा अविश्वास ठरला असता. काहींनी दुकाने बंद केली. आणि काहींनी जुनी कर्जे फेडली, शेजाऱ्याकडे जाऊन केलेल्या लबाडीची कबुली दिली, वर्षानुवर्षे धरलेले अबोले सोडले.

इथे हसू मावळते. जग बुडणार असेल तर कर्ज फेडायचे कशाला? सावकार आणि त्याची वही दोन्ही जळणारच होते. ही माणसे फेडायला निघाली, कारण स्वच्छ हातांनी समोर उभे राहायचे होते. बटाटे सोडणे आणि कर्ज फेडणे या दोन्ही गोष्टी एकाच विश्वासातून, कदाचित एकाच घरात घडल्या. तरी त्या एका जातीच्या नाहीत. २२ तारीख सरली, मध्यरात्र झाली, कुणी आले नाही. पोर्ट गिब्सनच्या हायरम एडसनने पुढे लिहून ठेवले की आम्ही रडत पहाट केली. त्या पहाटेनंतर, २३ ऑक्टोबरच्या सकाळी, न काढलेले बटाटे म्हणजे बायकामुलांवर ओढवलेला हिवाळा होता. फेडलेले कर्ज मात्र फेडलेलेच होते. (न्यू इप्सविचच्या एका शेतकऱ्याचे बटाटे जमिनीत राहिल्यामुळेच त्या वर्षीच्या रोगातून वाचले, अशी कथा मिलरच्या चळवळीतून पुढे निघालेल्या ॲडव्हेंटिस्ट पंथाची मंडळी आवडीने सांगतात. वाचले असतील, रोगाच्या वर्षी मिळालेली सूट हा काही शेतीचा नियम नव्हे.) तयारी खरी की खोटी, हे तो आला तर कळेलच, पण तो आला नाही तर दुसऱ्या दिवशी तिच्यातले काय उरते, ही कसोटी मला अधिक विश्वासाची वाटते.

या कसोटीवर उतरणारा एक प्रसंग त्याआधी चौसष्ट वर्षांचा आहे. १९ मे १७८० रोजी न्यू इंग्लंडवर भर दिवसा काळोख पडला. जंगलांत पेटलेल्या वणव्यांचा धूर हे कारण असावे असे आता मानतात. तेव्हा अनेकांना न्यायाचा दिवस आल्यासारखे वाटले. हार्टफर्डला कनेटिकटच्या विधिमंडळाचे एक सभागृह उठले. दुसऱ्या सभागृहातही काम थांबवण्याची सूचना आली, तेव्हा अब्राहम डेव्हनपोर्ट नावाच्या सभासदाने विरोध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की न्यायाचा दिवस आला नसेल तर उठायचे कारण नाही, आणि आला असेल तर मी माझ्या कामावर सापडलेला बरा, मेणबत्त्या मागवा. मराठी माणसाला हे ऐकताच पुंडलिक आठवावा. देव दारात आला तरी तो आईबापांच्या सेवेतून उठला नाही, वीट पुढे सरकवली. आपल्याकडे वाट पाहतो तो देव. डेव्हनपोर्ट आणि पुंडलिक यांच्या देवांत फार अंतर आहे, पण येणाऱ्याचा मान हातातले काम टाकून राखायचा नसतो, हे दोघांनाही कळले होते.

डेव्हनपोर्टचे उत्तर ज्याच्या हाती सत्ता आणि काम आहे त्याचे उत्तर आहे. ज्यांच्या हाती यातले काहीच नव्हते, त्यांच्या बाजूने बोलली ती सोजर्नर ट्रुथ. न्यूयॉर्क राज्यात गुलामीत जन्मलेली ही बाई. मूळ नाव इझाबेला. १ जून १८४३ रोजी नवे नाव घेऊन ती न्यूयॉर्क शहरातून पायी निघाली, आणि वाटेत कनेटिकटमध्ये मिलरच्या अनुयायांच्या मेळाव्यात पोचली. तिथे धुमाकूळ चालला होता. लोक ओरडत होते, थरथरत होते. तिच्या आत्मकथनात हा प्रसंग आहे: ती एका जुन्या बुंध्यावर चढली, सर्वांना गप्प केले आणि विचारले की एवढा गलका कशाला? या गोंगाटात प्रभू येऊन, सगळ्या तंबूंतून फिरून परत गेला तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही. लोक शांत झाल्यावर तिने प्रचारकांनाही धरले. तुम्ही वर कुठल्यातरी दिवाणखान्यात जाऊन बसणार, खाली दुष्ट जळणार, आणि मग तुम्ही परत येऊन त्यांच्या राखेवर चालणार. यात मला काही छान दिसत नाही, असे तिने सुनावले. ती इथेच राहणार होती, बायबलमधल्या शद्रख, मेशख आणि अबेदनगो यांच्यासारखी आगीत उभी. येशू तिच्याबरोबर चालेल, हा तिचा भरवसा.

दुसऱ्या आगमनावरची ढीगभर प्रवचने एकीकडे आणि हे बोलणे एकीकडे. जिने मालकाचा मार खाल्ला, जिचे मूल बेकायदा दक्षिणेत विकले गेले आणि जिने कोर्टात जाऊन ते परत आणले, तिला आगीची भीती कुणी घालायची? सुखवस्तू माणसाच्या प्रतीक्षेत सुटका असते, आणि सुटकेत बहुधा इतरांना मागे सोडणे असते. ट्रुथच्या प्रतीक्षेत सोबत आहे. तिथून ती नॉर्थहॅम्प्टनच्या वसाहतीत गेली आणि गुलामगिरीविरोधी चळवळीत पडली. येणाऱ्यावरचा तिचा विश्वास त्यामुळे तसूभर कमी झाला नाही.

मिलरचे काय झाले? त्याने चूक कबूल केली, आशा सोडली नाही. नोव्हेंबर १८४४ मधल्या एका पत्रात त्याने लिहिले की आता आपण नवी वेळ ठरवली आहे: ती आजची, आणि तो येईपर्यंत रोजचा दिवस आजचाच. हे वाक्य त्याला १८३१ मध्ये सुचले असते तर लोकांची पिके घरात आली असती, पण कदाचित तंबूंना गर्दी झाली नसती. १८४९ मध्ये तो गेला. अनुयायांचे गट पडले. त्यातला एक गट १८६३ मध्ये बॅटल क्रीकला सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट म्हणून संघटित झाला, आणि तीनच वर्षांत त्यांनी तिथे आरोग्यसंस्था काढली. पुढे रुग्णालये, शाळा, छापखाने. पुण्यात सॅलिसबरी पार्कमधले ॲडव्हेंटिस्ट रुग्णालय किंवा औंधचे स्पायसर महाविद्यालय, जे आता विद्यापीठ आहे, यांची मुळे त्या २३ ऑक्टोबरच्या सकाळपर्यंत जातात. स्पायसरच्या आवारातून जाणाऱ्या कित्येकांना याची गंधवार्ता नसेल.

प्रभू लवकरच येणार असे शिकवायचे आणि शंभर वर्षे टिकतील अशा इमारती बांधायच्या, यात ढोंग आहे असे टीकाकार म्हणत आले. मला उलट वाटते. ज्यांनी उभी पिके सोडली त्यांच्याच वारसांनी दवाखाने बांधले, म्हणजे दहा कुमारिकांच्या दाखल्यातला तेलाचा मुद्दा त्यांना उशिरा का होईना समजला. नवरदेवाला यायला उशीर झाला, रात्र लांबली, आणि उशीर होईल हे धरून ज्यांनी तेल घेतले होते त्याच आत गेल्या. म्हणजे त्या दाखल्यात शहाणपण आहे ते उशिराची तजवीज करण्यात. तहान लागल्यावर विहीर खोदणाऱ्याला तिथे दार उघडत नाही.

तेलाचे म्हणाल तर केडगावला ते अक्षरशः गाळले जाई. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. तिथल्या पैशाने आणि मिनी एब्रम्ससारख्या तिथल्या माणसांच्या मदतीने केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनचे काम वाढले. १९०५ मध्ये तिथे मोठी धार्मिक जागृती झाली, मुली रात्र रात्र प्रार्थनेत रडत. पण त्याच मुली घाणी चालवत, मागावर विणत, आणि रमाबाईंच्या बायबलसाठी छापखान्यात खिळे जुळवत. दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरींना उद्या जग संपणार असेल म्हणून आज हस्तकला शिकवायची नाही, असे रमाबाईंच्या मनातही आले नसावे.

तारखांचा नाद मात्र सुटत नाही. हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या उपदेशकाने २१ मे २०११ ही तारीख दिली, मग ऑक्टोबर, आणि पुढल्या वर्षी तारीख काढणेच पाप होते असे मान्य केले. तोवर काही श्रोत्यांची आयुष्यभराची पुंजी जाहिरात फलकांवर खर्च झाली होती.

दुसऱ्या बाजूने होणारी गफलतही सांगितली पाहिजे. राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे गृहखाते, म्हणजे तिकडे जंगले-जमिनी सांभाळणारे खाते, जेम्स वॅट यांच्याकडे होते. शेवटचे झाड तोडले की ख्रिस्त परत येईल असे ते म्हणाले, हे वाक्य बिल मॉयर्स या नामवंत पत्रकाराने २००४ मध्ये त्यांच्या तोंडी घातले आणि नंतर वॅट यांची जाहीर माफी मागितली, कारण ते असे म्हणालेच नव्हते. फेब्रुवारी १९८१ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे ते जे बोलले त्याचा आशय असा होता की प्रभू येईपर्यंत किती पिढ्या जातील ते मला माहीत नाही, पण जेवढ्या असतील त्यांच्यासाठी साधनसंपत्ती राखून ठेवायला हवी. वॅट यांचे जंगलविषयक धोरण मला पटत नाही. खाणी आणि तेल कंपन्यांना त्यांनी दिलेली मोकळीक या बोलण्याशी जुळतही नाही. पण बोलणे शब्दशः घेतले तर ते डेव्हनपोर्टच्या परंपरेतले आहे. माणसाला त्याच्या श्रद्धेसाठी झोडपण्यापेक्षा, तू म्हणालास तसे वागला नाहीस, असे विचारणे जास्त अडचणीचे असते.

माझ्या कसोटीवर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. न येणाऱ्या दिवशीही जे टिकते तेच खरे, तर येण्याची गरजच काय उरली? नुसता सदाचार पुरे. याचे उत्तर, दहा कुमारिकांचा दाखला ज्यात आहे त्याच मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात, मेंढरे आणि शेरडे यांच्या चित्रात आहे. राजा उजवीकडच्यांना म्हणतो की मी भुकेला होतो, तुम्ही जेवू घातले. ते गोंधळून विचारतात, कधी? त्यांना आठवतच नाही. आपण तयारी करतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते. तयारीचा तक्ता त्यांच्या भिंतीवर नव्हता. पण तो प्रश्न विचारला जातो तो राजा येतो म्हणूनच. भुकेल्याचा हिशेब कुणीतरी ठेवला आहे आणि तो मालकाच्या वहीत नाही, ही खात्री त्या येण्यातून मिळते. गुलामांच्या भजनांतून न्यायाचा दिवस इतका आळवला गेला तो याच खात्रीपोटी, आणि त्याच दिवसाची धास्ती त्यांच्या मालकांना असायला हवी होती. ती त्यांना फारशी नव्हती. रविवारी तेही चर्चमध्ये त्याच आगमनाची वाट पाहत बसत, आणि त्यांच्या पाळकांना त्यात काही विसंगत दिसत नसे.