गळ टाकायची वेळ

गळ टाकायला पहाटच उत्तम, असं सर्रास सांगितलं जातं. वैशाखात ते पुष्कळसं खरंही आहे. नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकला की दुपारी तलावाचं वरचं पाणी तापतं, आणि तापल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, ३० अंशांना जेमतेम साडेसात. पण शेवाळानं हिरव्या झालेल्या तलावात गणित उलटतं. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री स्वतःच तो वापरतं. म्हणून उजाडताना साठा सर्वांत कमी, अन् रोहू-कटला सुस्त. तिथे ऊन थोडं वर येऊ द्यावं. पौषात तर माशाचं अंग पाण्याइतकंच गार असतं. तो दुपारीच हलतो.

कुणी म्हणेल, पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांवर ढिवर बांधव रात्रभर जाळी लावून पहाटेच काढतात ना? काढतात, पण अंधारात जाळं माशाला दिसत नाही आणि मासळी सकाळच्या बाजारात ताजी पोचते. जाळ्याला अंधार लागतो, गळाला माशाची भूक. तेव्हा आधी ऋतू आणि पाण्याचा रंग पाहावा, मग वेळ ठरवावी. नियमामागचं कारण माहीत असलं, की तो कुठे सोडायचा हेही कळतं.