न जन्मलेल्यांचे देणे

प्रत्येक धर्मग्रामात धर्मगुरूच्या टेबलावर एक वही असते. कोणी कोणासाठी मिस्सा सांगितली, दान किती दिले, मिस्सा कोणत्या दिवशी अर्पण झाली, याची ती नोंद. ज्या मृतासाठी मिस्सा सांगितली तो हिशेब मागायला येणार नसतो. पुष्कळदा सांगणारेही मागोमाग गेलेले असतात. तरीसुद्धा हे बंधन सुटत नाही. स्वीकारलेले दान धर्मगुरूचा काही दोष नसताना हरवले, तरी मिस्सा अर्पण केलीच पाहिजे, असे चर्चचा कायदा सांगतो.

ही वही पुढे ठेवण्याचे कारण असे. हवामानबदलाविषयी बोलणे निघाले की आपल्यातील चांगली शिकलेली माणसेही विचारतात, "फादर, जे अजून जन्मलेच नाहीत, त्यांचे आपण काय देणे लागतो? त्यांच्याविषयी कळवळा असावा, हे ठीक. पण त्यांच्यासाठी सरकारने आजच्या माणसांवर बंधने का लादावीत?" प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे, ही रोमन कायद्यातून आलेली व्याख्या संत थॉमस अक्वायनस यांनी स्वीकारली आणि सेमिनरीत आम्ही ती पाठ केली. तीत 'ज्याचे' हा शब्दच अडचणीचा आहे. जो नाहीच, त्याचे काय असणार?

नेमका हा पेच जर्मनीच्या संविधान न्यायालयापुढे उभा राहिला. त्या देशाने २०१९ च्या डिसेंबरात कायदा करून १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत हरितगृह वायूंचे उत्सर्जन ५५ टक्क्यांनी घटविण्याचे ठरविले होते. पुढच्या वर्षांचा तपशील मात्र कायद्यात नव्हता. काही तरुणांनी दाद मागितली. त्यांत उत्तर समुद्रातील, बांधांच्या आधाराने तग धरून असलेल्या पेलवर्म बेटावरचेही होते. २४ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला. त्यातील युक्तिवाद एखाद्या कुटुंबाच्या हिशेबासारखा साधा आहे. सरकारच्याच तज्ज्ञ मंडळाच्या अंदाजाप्रमाणे २०२० पासून पुढे जर्मनीच्या वाट्याला सुमारे ६७० कोटी टन कार्बन डायऑक्साइड उरला होता. कायद्याने आखलेल्या गतीने गेल्यास २०३० नंतरच्या सगळ्या वर्षांसाठी त्यातील १०० कोटी टनही शिल्लक राहत नव्हते. अंदाजात अनिश्चितता आहे, हे न्यायाधीशांनी मान्य केले. पण बेफिकिरीला ती सबब पुरेशी मानली नाही. आज उधळपट्टी करायची आणि उद्याच्या माणसाने प्रवास, घरातील ऊब, उद्योग या सर्वांवर एकाएकी निर्बंध सोसायचे, ही स्वातंत्र्याची विषम वाटणी होय, असे त्यांचे म्हणणे. काही महिन्यांतच संसदेने २०३० चे लक्ष्य ६५ टक्क्यांवर नेले आणि उत्सर्जनाची बेरीज शून्यावर आणण्याचे वर्ष २०५० वरून २०४५ केले.

येथे एक बारकावा आहे. न जन्मलेल्यांना व्यक्ती म्हणून हक्क असतात, असे न्यायालय म्हणाले नाही. ज्यांचे हक्क त्याने राखले ते तक्रारदार जिवंत होते. परंतु १९९४ साली जर्मन संविधानात घातलेल्या एका कलमानुसार येणाऱ्या पिढ्यांची जबाबदारी राज्यावर आहेच. म्हणजे हक्क सांगणारा हजर नसला तरी कर्तव्य उभे राहते. मला आमची वही आठवली ती यामुळे. हा दाखला तंतोतंत जुळत नाही, हे खरे. मृताच्या आप्तांनी दान दिलेले असते, पुढच्या पिढीने आपल्याशी कसलाच करार केलेला नाही. तेथे जुन्या करारातील लेवीयचा पंचविसावा अध्याय उपयोगी पडतो. जमिनीची किंमत पुढच्या योबेल वर्षापर्यंत किती पिके निघतील ते मोजून ठरवावी, असा तेथे नियम आहे. त्यापलीकडची पिके विकणाऱ्याची नव्हतीच.

मग हे सरकारचे काम कशासाठी? दिवे मालवा, पाणी जपून वापरा, असे प्रवचनात मीही सांगतो आणि सांगताना थोडा ओशाळतो. वीज कोळशाची की उन्हाची, पैसा रेल्वेला की रस्त्याला, हे कोणत्याही घराच्या हातात नाही. ते ज्यांच्या हातात आहे त्यांना पाच वर्षांनी मते मागायची असतात, आणि २०७० साली शाळेत जाणाऱ्या मुलाला आज मत नाही. हे ऐच्छिक पुण्यकर्म नसून न्यायाचा मूलभूत प्रश्न आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात लिहिले, ते याच अर्थाने. अर्थात उद्याच्या मुलाचे नाव पुढे करून आजच्या गरिबाच्या घरातील दिवा काढून घेणे हाही अन्यायच. ज्यांनी दीडशे वर्षे कोळसा जाळला त्यांनी आधी आवरते घ्यावे.

जर्मनीचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. २०२४ मध्ये तेथील संसदेने वाहतूक, इमारती अशा क्षेत्रांवरची वेगवेगळी वार्षिक बंधने सैल केली. शिवाय त्याच खटल्यात बांगलादेश आणि नेपाळमधील माणसांनीही तक्रार केली होती. त्यांच्याप्रति जर्मन राज्याचे घटनात्मक कर्तव्य आहे की नाही, हे न्यायालयाने अनिर्णित ठेवले; कर्तव्यभंग झालेला नाही, एवढे मात्र ठरविले. उद्या जन्मणाऱ्या जर्मन बालकाबद्दलची जबाबदारी न्यायाधीशांना मान्य करता आली, आणि बांगलादेशातील आज जिवंत असलेल्या माणसापाशी ते थबकले. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे चुकले, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण ते पान मी पुन्हा पुन्हा वाचतो.